टोपमामाकडची टिंबू

माझा मामा केसांचे टोप करायचा. नाटकातल्या राजांचे, म्हाताऱ्यांचे, वेड्यांचे. आणि नाटकाबाहेरच्या माणसांचेही, ज्यांना आपल्या डोक्यावरचे केस आपले नाहीत हे कुणाला कळू द्यायचं नसतं. स्वतः तो ऐन तिशीतच गुळगुळीत झाला होता. त्याबद्दल कुणी चेष्टा केली की म्हणायचा, "मी टोप घातला तर लोक माझ्या डोक्याकडे बघतील. मला त्यांच्या डोक्याकडे बघायचं असतं." सगळी गल्ली त्याला टोपमामा म्हणायची.

बाबा गेल्यावर आई आणि मी त्याच्याकडेच राहायला आलो. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर तीन खोल्या होत्या. त्यातली पश्चिमेकडची मोठी खोली मामाच्या कामाची. एका भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर लाकडी डोकी, नाक-डोळे नसलेली. दुसऱ्या भिंतीला दोऱ्यावर केसांच्या जुड्या टांगलेल्या, काळ्या, करड्या, तपकिरी. दुपारी ऊन आत आलं की त्या जुड्यांमधून गाळून खाली पडायचं आणि फरशीवर मधाच्या रंगाचं काहीतरी हलत राहायचं. त्या खोलीत जागं राहणं अवघड होतं. मी सकाळपाळी करून छापखान्यातून परत यायचे, तिथे जरा टेकायचे आणि माझा डोळा लागायचा. मामाही अर्ध्या झोपेतच असायचा, पण हात चालू. बारीक आकडीने एक केस उचलायचा, जाळीतून ओढायचा, गाठ मारायची, पुढचा केस. त्याला हाक मारली तर पहिली हाक त्याच्यापर्यंत पोचायचीच नाही. दुसरीला तो कुठूनतरी लांबून परत यायचा आणि म्हणायचा, "हं, बोल."

"हा माणूस कुठे जातो कोण जाणे," आई म्हणायची. "तिकडे लग्न जमलं असतं तर तिकडेच राहिला असता."

मामाने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही, असं तो सांगायचा. आई सांगायची, विचारलं होतं, पण पहिल्याच हाकेला.

एके दिवशी दुपारी एक बाई जिना चढून आल्या. उंच, ताठ, पाठीवर जाडजूड वेणी. खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीतून एक पांढरं डोकं बाहेर आलेलं होतं, काळ्याभोर डोळ्यांचं. प्राथमिक शाळेत सगळी हयात घालवलेल्या या बाई. पुढे आम्हीही त्यांना नुसतं बाई म्हणूनच ओळखू लागलो.

"कुत्रं बाहेर ठेवाल का?" मामा म्हणाला. "इथे केसांचं काम आहे. त्याचे केस माझ्या मालात मिसळले तर निवडता निवडता माझा जन्म जाईल."

"तिचे केस गळत नाहीत," बाई म्हणाल्या. "माझे गळायला लागणार आहेत."

त्यांनी ते इतक्या साधेपणाने सांगितलं की मामाने कुत्र्याचा विषय सोडून खुर्ची पुढे केली. दुखणं मोठं होतं. औषधं सुरू झाली की केस जाणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बाईंना आपली वेणी त्याआधीच कापून द्यायची होती आणि तिचाच टोप करून हवा होता. उपचार दुसऱ्या गावी, भावाकडे राहून घ्यायचे होते.

मामा त्यांच्या डोक्याचं माप घेऊ लागला तसं ते कुत्रं पिशवीतून उतरलं आणि खुर्चीखाली जाऊन बसलं. मोठ्या मांजराएवढंच असेल. मामाने माप घेता घेता खाली हात घातला आणि सवयीने त्याच्या मानेवरचे केस दोन बोटांत धरून चोळले. मग कानावरचे.

"दोन घरचे केस आहेत हिच्या अंगावर," तो म्हणाला. "कान रेशमी, सरळ. मान आणि पाय कुरळे."

बाई हसल्या. "दोन घरचेच. मी जिथे राहायचे तिथे दोन शेजारी होते. एकीकडे माल्टीज जातीची पांढरीशुभ्र कुत्री. तिच्या मालकिणीला तिच्या जातीचा भारी अभिमान. पलीकडे एका शिंप्याकडे छोटा पूडल, जर्दाळूच्या रंगाचा. मधे भिंत होती, भिंतीला पाणी जायला एक भोक होतं. पुढचं तुम्हीच समजा."

"त्या भोकातून?"

"कुत्र्यांना आपण लहान आहोत याचा फायदा घेता येतो. चार पिल्लं झाली. एक आईवर गेलं, एक बापावर, एकाचा कशाचाच मेळ लागेना. ही सगळ्यांत बारकी. आता दुकानांतून अशाच जोडीच्या पिल्लांना छान जोडनाव देऊन विकतात म्हणे, पण तेव्हा त्या बाईसाहेबांचं नाक कापलं गेल्यासारखं झालं. दोन्ही घरांचं बोलणं बंद. पिल्लं ज्याला हवी त्याला दिली. ओंजळीत मावेल एवढी होती ही. फळ्यावर खडू टेकवून उचलावा, एवढंच टिंब. म्हणून टिंबू."

टिंबूने नाव ऐकून शेपटी हलवली. मामाने पुन्हा वाकून तिच्याकडे पाहिलं, आणि बाईंचं माप त्याला दुसऱ्यांदा घ्यावं लागलं.

वेणी कापायच्या दिवशी आईसुद्धा खोलीत येऊन बसली होती. मामाने वेणीला वर दोरा घट्ट बांधला, मुळांची बाजू कुठली ते कळावं म्हणून. बाईंनी डोळे मिटले. कात्रीचा आवाज बराच वेळ येत राहिला, वेणी जाड होती. मग बाईंनी मानेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हलकं वाटतंय." आणि मग लगेच, "एक विचारू का? हिला कुठे ठेवू?"

भावाच्या घरी कुत्रं चालणार नव्हतं. शिवाय औषधं सुरू असताना प्राण्यांपासून जपून राहा, असं डॉक्टर म्हणाले होते. ओळखीतल्या दोघांनी आधी हो म्हणून मग टाळाटाळ केली होती.

मामा काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "आमच्याकडे नाही हं जमायचं. या घरात आधीच एक जण आहे, त्याला वेळेवर जेवायला हाक मारावी लागते."

"ताई," मामा म्हणाला, "थोडे दिवस."

आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याने तिच्याकडे काही मागितल्याचं तिला आठवत नसावं. ती उठून चहा टाकायला गेली. आमच्याकडे होकार असाच मिळायचा.

बाईंनी तोंडी सगळं समजावलं. रोज विंचरायचं, नाहीतर कानामागे आणि काखेत गुंते होतात. डोळ्यांखाली पाणी झिरपून तांबूस डाग पडतात, ते ओल्या फडक्याने पुसायचे. कानात ओल राहू द्यायची नाही. दात घासायचे, लहान तोंडात दात दाटीने असतात, लवकर किडतात. कांदा, द्राक्षं, चॉकलेट यांना हिने तोंडही लावता कामा नये. पलंगावरून उडी मारू द्यायची नाही, गुडघ्याची वाटी सरकते. मधेच तीन पायांवर चालायला लागली तर घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा. "आणि एकटी सोडू नका," त्या म्हणाल्या. "हिला माणूस लागतं. माणूस काय करतंय याच्याशी तिला देणंघेणं नाही, फक्त असलं पाहिजे."

"मग ही आमच्या याच्यासाठीच बनवलीय," आई म्हणाली.

बाई गेल्या आणि टिंबू दाराशी जाऊन बसली. खायला दिलं, वास घेऊन परत दाराशी. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी ती उठायला लागली तर पाय लटपटले, डोळे कुठेतरी भलतीकडे लागलेले. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तिला टोपीत घालून, हो, खरोखरच एका नाटकातल्या सरदाराच्या टोपीत घालून, धावत प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांना मध चोळला, सुई दिली. "एवढ्याशा जिवाला उपाशी राहणं परवडत नाही," त्या म्हणाल्या. "रक्तातली साखर उतरते. थोडं थोडं, पण सारखं भरवा."

त्यानंतर आई तिला हाताने भरवू लागली. भाताची शितं, उकडलेलं अंडं कुस्करून, एकेक घास. वर बडबड चालूच. "खा गं बाई. मला काही तुझी हौस नाही. पण माझ्या घरात कुणी उपाशी बसायचं नाही, एवढंच." टिंबू तिच्या तोंडाकडे बघत हळूहळू चावायची.

पण दार काही तिने सोडलं नाही. ते सुटलं मामाने बाईंची वेणी धुवायला काढली त्या दिवशी. केस कोमट पाण्यात हलक्या हाताने धुऊन त्याने सावलीत पसरले आणि त्यांच्या बारीक जुड्या बांधायला बसला. टिंबू दारातून उठली. एक पाऊल टाकायची, थांबायची, नाक वर करायची. शेवटी त्या फडक्यापाशी आली, केसांना नाक लावलं, एक मोठा उसासा टाकला आणि तिथेच अंगाचं वेटोळं करून झोपली. मामाने तिला हटवलं नाही. त्या खोलीत माणसांनाही मालाला हात लावायची मुभा नव्हती. संध्याकाळपर्यंत तो तसाच बसून होता आणि त्याच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या, हे त्याने मला नंतर सांगितलं.

मग ते दिवस आले, जे मला आता एकच लांबलचक दुपार असल्यासारखे आठवतात. ज्या लाकडी डोक्यावर बाईंचा टोप चढत होता त्याच्या खाली टिंबूची जागा ठरली. वर केस वाढत होते, खाली ती झोपलेली. मामाने जुन्या ठोकळ्यांच्या पायऱ्या करून पलंगाला लावल्या, तिला उडी मारावी लागू नये म्हणून. रोज सकाळी मांडीवर घेऊन तिला विंचरायचा. आधी टोकं, मग मधले, मग मुळाशी. ओढायचं नाही, गुंता बोटांनी उकलायचा. दुसऱ्या कुणाच्या टोपालाही तो इतका वेळ देत नसे. तो जाईल तिकडे ती. स्वयंपाकघरात, गच्चीवर, न्हाणीघराच्या दारात. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की त्याला आधीच खबर; एवढ्याशा गळ्यातून मोठा आवाज. कुणीतरी आपली वाट बघतंय ही गोष्ट मामाला नवीन होती. तो बाजारात गेला की लवकर परत यायचा, आणि जिन्यात शिरताना उगाच खाकरायचा, म्हणजे तिला कळावं.

आणि कुणी हाक मारली की टिंबू त्याच्या पायाला नाक लावायची. आता त्याला पहिलीच हाक ऐकू जायला लागली होती.

नाटकाच्या दौऱ्यासाठी मामाला काही दिवस बाहेर जावं लागलं. जाताना त्याने आईला दहादा बजावलं. आई म्हणाली, "मी एक मुलगी वाढवलीय, कुत्रं काय वाढवणार नाही?" एक दिवस टिंबू खाली सायकलच्या दुकानात जाऊन तेलात लोळून आली. आईने तिला उचलली आणि न विंचरताच साबण लावून खसाखसा धुतली, टॉवेलने चोळली. केस वाळले तेव्हा अंगभर नमदा झाला होता, केस एकमेकांत घट्ट चिकटलेले. फणी रुतेना. टिंबू कळवळायला लागली. आईने मला मदतीला बोलावलं, आम्ही दोघींनी हात टेकले.

मामा परत आला. त्याने तिला मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं. आई दारात उभी होती, काहीही ऐकून घ्यायच्या तयारीने, म्हणजे उलट उत्तराच्या तयारीने. मामा म्हणाला, "भादरावी लागेल." बस, एवढंच.

गच्चीवर पाटावर बसून त्याने तिचे केस उतरवले. सबंध गोधडी निघावी तसे निघाले. आतून जी निघाली ती पाहून मला रडूही येईना आणि हसूही. गुलाबी, थरथरणारी, कान मोठे, पाय काड्यांसारखे. "हीच का ती?" आई पुटपुटली. मग आत गेली आणि मामाच्या सामानातला राजाच्या अंगरख्याचा जुना मखमलीचा तुकडा काढून त्याचं जाकीट शिवून आणलं. टिंबू पुढचे दिवस लाल मखमलीत फिरत होती आणि गल्लीतले लोक तिला वाट करून देत होते.

"बाईंना काय सांगशील?" आईने विचारलं.

"वाढतील केस," मामा म्हणाला. "आमच्या धंद्यात एवढी एकच गोष्ट खात्रीची आहे. माझं सोडून."

एव्हाना आईच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. बाईंचा टोप पुढे सरकत नव्हता. कपाळाकडची एक ओळ मामा विणायचा, बघायचा, उसवायचा. मधेच दुसरीच कामं हातात घ्यायचा.

"पूर्वी तू महिन्याभरात टोप उतरवायचास," आई एकदा म्हणाली.

"बाईंचा केस नाजूक आहे."

"वेणी दोरखंडासारखी होती. मी बघितलीय."

मामाने आकडी पुन्हा जाळीत घातली.

आई त्याच्या शेजारी फरशीवर बसली. तिला खाली बसायचा त्रास व्हायचा, त्यामुळे ती बसली की बोलणं गंभीर आहे हे समजायचं. "तुला वाटतंय, टोप झाला की त्या येतील आणि हिला नेतील. खरं ना? अरे, तिकडे ती बाई डोक्याला फडकं बांधून बसली असेल."

मामाने आकडी खाली ठेवली. तो टिंबूच्या पाठीवरच्या नव्या लवेवरून हात फिरवत राहिला. "मला तिचं काही वाईट चिंतायचं नव्हतं, ताई," तो म्हणाला. "नुसतं हळू चाललो होतो."

"माहीत आहे. आता जरा भरभर चाल."

त्यानंतर त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. आठवडा संपायच्या आत टोप तयार झाला. मधोमध भांग, आणि मागे खरीखुरी वेणी घालता येईल असा. मामाने स्वतःच बाईंच्या भावाकडे फोन केला आणि सांगितलं, टोप झालाय, म्हणाल तर मी घेऊन येतो. पलीकडून बाईच बोलल्या. आवाज बारीक झाला होता. म्हणाल्या, "नको, मीच येते. माझे उपचार संपलेत."

त्या आल्या तेव्हा जिन्यावरच्या पावलांना टिंबू भुंकली. तिने ती पावलं ओळखली नाहीत. बाई दारात थांबल्या. खूप वाळल्या होत्या, डोक्याला रुमाल, अंगाला इस्पितळाचा वास. टिंबू मामाच्या पायामागे गेली. बाईंनी तिला हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. दाराशीच खाली बसल्या, आणि तिथेच बसून राहिल्या.

टिंबू एक पाऊल पुढे आली. परत मागे गेली. मामाने आपला पाय हळूच बाजूला घेतला. मग ती बाईंपाशी गेली, त्यांच्या मनगटाचा वास घेतला, कोपराचा घेतला, आणि एकदम तिच्या घशातून असा एक आवाज आला की तसा आम्ही कधी ऐकला नव्हता, लहान मूल झोपेतून उठून रडावं तसा. ती बाईंच्या मांडीवर चढली, मानेत घुसली, रुमाल ओढून काढला. खाली बाईंचं डोकं होतं, आणि डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस. काळे-पांढरे, आणि चांगले कुरळे.

"तुमचे तर सरळ होते," आई म्हणाली.

"असेच उगवलेत," बाई म्हणाल्या. टिंबू त्यांचे कान चाटत होती. "डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. आमच्याही भिंतीला कुठेतरी भोक असणार."

आई इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मामाने बाईंना भादरण्याची हकीकत सांगितली, आईवर काही येऊ न देता, सगळं सायकलच्या तेलावर ढकलून. बाईंनी टिंबूचं जाकीट बघितलं, टाके बघितले आणि आईकडे बघितलं. त्यांना कळलं असावं.

टोप त्यांनी घालून पाहिला. आरशात त्या जुन्या बाई होत्या, अगदी हुबेहूब. त्या बराच वेळ बघत होत्या. "सुरेख झालाय," म्हणाल्या. मग उतरवला. "लग्नकार्याला घालीन. घरी असेच बरे वाटतात."

मामाने टिंबूची फणी, दातांचा ब्रश, खायची ताटली सगळं एका पिशवीत भरून दिलं. पायऱ्यांचे ठोकळेही डोक्यावर घेऊन तो बाईंच्या घरी पोचवून आला. संध्याकाळी कामाच्या खोलीत गेला आणि दिवा न लावता बसला. आईने हाक मारली. दुसरी मारली. तिसरीला मी जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. "हं, बोल," तो म्हणाला, पण त्याला पुढे काही ऐकायचं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी आईनेच पायात चपला घातल्या. कुठे निघालीस, तर म्हणाली, "त्या बाईंना विंचरता येत नाही धड. हात थरथरतात अजून. बघून येते." परत आली ती टिंबूला घेऊन. बाईंना दुपारी झोप लागते, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि टिंबूला दुपारी माणूस लागतं, असं तिचं म्हणणं. बाईंनी दुजोरा दिला. पुढे बाईंची तब्येत सुधारली, दुपारची झोप सुटली, तरी ती पद्धत तशीच राहिली, फक्त आता टिंबूबरोबर बाईही यायच्या. आई आणि त्या स्वयंपाकघरात बसायच्या, शाळेतल्या मुलांच्या गोष्टी निघायच्या, आणि मधेच दोघी एकदम खुदकन हसायच्या. गल्लीतल्या लोकांनी मामाचं नाव बाईंशी जोडून पाहिलं. आई म्हणायची, "तसं काही नाही. त्यांनी ठरवलं असतं तर मला आधी कळलं असतं, याला शेवटी."

मामाची नजर पुढे अधू झाली आणि बारीक गाठी मारणं त्याने सोडलं. नाटकंही कमी झाली होती. आता लोक त्याच्याकडे आपली कुरळी, गुंतलेली कुत्री घेऊन यायला लागले. तो हसायचा, पण कुणाला परत पाठवायचा नाही.

टिंबूला आता दात उरलेले नाहीत, एका डोळ्यात फूल पडलंय. परवा मी सुट्टीला माहेरी गेले होते. मामा फरशीवर पाय पसरून बसला होता, ती त्याच्या पोटरीला टेकून झोपली होती. तिचे पाय झोपेत हलत होते, कुठेतरी पळत असावी, ओठही जरासे थरथरत होते. मामाने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. स्वयंपाकघरातून आईची हाक आली, चहा झालाय म्हणून. मामाला ती ऐकू गेली होती, मला दिसलं. तो हलला नाही.